वारा गेल्यावर आलेलं पाणी

कालव्याच्या गल्लीत सुना पुष्कळ होत्या, पण सूनबाई एकच. लॉन्ड्रीतल्या. साठी उलटली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्यांचं ते नाव काही सुटलं नाही. शाळेला निघालेली पोरंसुद्धा दारातून ओरडायची, "सूनबाई, बाबांचा कोट झाला का?" त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, सूनबाईंनाही नाही.

याचं कारण त्यांच्या सासूबाई. त्या नुसत्या हयात नव्हत्या, चांगल्या ठणठणीत आवाजाच्या होत्या. दुकानात गल्ल्यामागे खुर्ची टाकून त्या दिवसभर बसत आणि घटकाघटकेला हाक देत, "सूनबाई!" ती हाक गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. ऐकून ऐकून गल्लीने तेच नाव उचललं. सासूबाईंना मात्र सगळे मोठ्या बाई म्हणत. वयाने, मानाने आणि अंगाने, तिन्ही बाजूंनी ते त्यांना शोभत होतं.

लॉन्ड्री गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला, जिथे कालवा नदीला मिळतो तिथे होती. पुढे दुकान, त्यामागे मोठं धुण्याचं मशीन आणि दगडी टाकी, त्याच्याही मागे मोठ्या बाईंची खोली. वरती घराच्या लांबीएवढा एकच एक माळा, दोन्ही अंगांना फळ्यांच्या खिडक्या. नदीवरचा वारा एका बाजूने शिरायचा आणि दुसऱ्या बाजूने निघायचा, म्हणून धुणं तिथे वाळत घालत. ओल्या चादरींचे गठ्ठे जिन्यावरून डोक्यावर घेऊन चढायचे म्हणजे मानेचा काटा ढिला व्हायचा. त्यावर सासऱ्यांनी एक तोड काढून ठेवली होती. माळ्याच्या जमिनीत एक मोठं चौकोनी तोंड ठेवलं होतं. त्याच्या वर आढ्याला लोखंडी चाक, चाकावरून जाड दोर, आणि दोराच्या दोन टोकांना वेताचे दोन मोठे पेटारे. एक खाली असला की दुसरा वर. वरच्यात सुकलेलं भरायचं, खालच्यात ओलं भरायचं, आणि वर उभं राहून दोर ओढायचा. दोन्हीकडे वजन असलं की थोड्या जोराने काम भागे. दोर अडकवायला तोंडाशेजारी एक लोखंडी खुंटी होती.

नवीन लग्न होऊन आल्यावर सूनबाईंनी पहिल्याच आठवड्यात वरचा पेटारा रिकामा ठेवून दोर खुंटीवरून सोडला होता. खालचा पेटारा माणसाच्या उंचीवर अधांतरी होता. तो धाडकन फरशीवर आदळला आणि घर हादरलं. मोठ्या बाई तेव्हा तरुण होत्या, पण जीभ तीच. त्या धावत आल्या, पेटारा उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "नशीब, आत चादरी होत्या. माझा मुलगा असता म्हणजे?"

मुलगा पुढे काही वर्षांनी तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. सूनबाईंचे भाऊ त्यांना न्यायला आले होते, बॅगही भरून झाली होती. मोठ्या बाई दुपारभर गल्ल्यावरून उठल्या नाहीत. संध्याकाळी दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "उद्या दवाखान्याच्या चादरी यायच्या आहेत. लवकर उठावं लागेल." त्यात रहा असं नव्हतं आणि जा असंही नव्हतं. भावांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने बॅग उघडली आणि रोजची साडी बाहेर काढली. तेव्हापासून दोघी जणींनी मिळून लॉन्ड्री चालवली. मोठ्या बाईंच्या तोंडून कौतुकाचा शब्द कधी निघाला नाही. फारच छान इस्त्री झाली तर त्या कापड उजेडात धरून "चालेल" म्हणायच्या. सूनबाईंना त्याचीच सवय झाली होती, आणि ज्या दिवशी "चालेल" ऐकायला मिळे त्या दिवशी त्यांचं जेवण अंगी लागे.

मग एकदा साबणाच्या पाण्यावरून मोठ्या बाईंचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं, जुळलं, पण वाकडं जुळलं. दोन काठ्या घेऊन पलंगापासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून पलंगापर्यंत एवढंच जग उरलं. जिना बंदच झाला. सूनबाई कधी म्हणाल्या की चार माणसं बोलावून तुम्हाला वरच्या हवेत नेते, तर उत्तर ठरलेलं. "वर काय आहे बघण्यासारखं? तारा आणि चादरी. आणि गल्ल्यावर कोण बसणार, तुझा भाऊ?"

आता त्या वादळाचं सांगायचं. हे गाव समुद्रापासून चांगलं आत. समुद्र पाहायचा तर पहाटेची बस धरावी लागे आणि पोचेपर्यंत बरोबरचा डबा संपलेला असे. चक्रीवादळ ही त्यामुळे किनाऱ्यावरच्या लोकांची गोष्ट होती. पेपरात फोटो यायचे, लोक हळहळायचे, पान उलटायचे. त्या वर्षी मात्र नगरपालिकेची गाडी भोंगा लावून गल्लीगल्लीतून फिरली. वादळ आतपर्यंत येतंय, पत्रे दोरांनी बांधा, खिडक्यांना फळ्या ठोका, सखल भागातल्यांनी वरच्या मजल्यावर जा. आणि वारा ओसरला तरी खाली उतरू नका, कारण वरच्या डोंगरांवर पडलेलं पाणी नदीतून मागाहून येणार आहे.

सगळं अगदी स्पष्ट सांगितलं होतं. पण माणसाला ज्याची भीती वाटते तेवढंच त्याच्या ध्यानात राहतं. लोकांना भीती वाटली ती वाऱ्याची. पाण्याचं काय, पाणी तर रोज दाराशीच होतं.

"समुद्रापासून इथवर यायचं म्हणजे वाऱ्यालाच दम लागेल," समोरचा सलूनवाला म्हणाला. तो इतका काटकुळा होता की गल्लीत त्याला काडी म्हणत. "येऊन माझ्या खुर्चीत बसेल आणि म्हणेल, जरा मालिश करा."

"तू आधी खिशात दगड भर," मोठ्या बाई गल्ल्यावरून म्हणाल्या. "नाहीतर तुला शोधायला आम्हाला पुढच्या गावाला जावं लागेल."

चेष्टा चालली होती तरी कामही चालू होतं. काडी आणि शेजारचे बसड्रायव्हर दादा यांनी मोठ्या बाईंना खुर्चीसकट उचलून वर न्यायचं ठरवलं. ड्रायव्हर दादा म्हणजे काडीच्या तिप्पट. पुढून काडी, मागून दादा, आणि मधे दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून, डोळे मिटून मोठ्या बाई.

"अरे, माळ्यावर नेताय की देवाघरी?"

"बाई, तुम्ही गप्प बसलात तर माळ्यावर," मागून दादा धापा टाकत म्हणाले. "बोलत राहिलात तर माझं काही सांगता येत नाही."

सूनबाईंनी साबणाची पोती, इस्त्र्या, गल्ला, गाद्या, सगळं वर चढवलं. दवाखान्याचं धुणं मशीनमध्ये असतानाच वीज गेली होती, त्यामुळे चादरी आणि ब्लँकेटं न पिळताच, निथळत, पेटाऱ्यातून वर घेतली आणि पत्र्याच्या टबांत भरून ठेवली. गल्लीतले इतरांचे कपडेही तिथेच.

वारा आला तो रात्रभर घर हलवत राहिला. दोघी एका गादीवर, डोक्यावरून चादर घेऊन बसल्या होत्या. आढं करकरत होतं. मोठ्या बाई मधूनमधून म्हणत होत्या, "हे चाक तुझ्या सासऱ्यांनी बसवलंय. घर पडलं तरी चाक पडणार नाही."

"घर पडल्यावर चाकाचं काय करू?" सूनबाई म्हणाल्या. यावर मोठ्या बाईंनी चादर आणखी पुढे ओढली.

सकाळ झाली ती अशी की जणू काही झालंच नव्हतं. निळंशार आभाळ, कोवळं ऊन, धुऊन काढलेली गल्ली. कौलं उडाली होती, वरच्या रस्त्यावर झाडं आडवी पडली होती, सलूनची पाटी बेपत्ता होती. पण माणसं सगळी होती. लोक दारात येऊन एकमेकांना हाका मारायला लागले. परीक्षा संपल्यावर पोरं शाळेबाहेर पडतात तसा आनंद सगळ्यांच्या तोंडावर होता. गेलं! सुटलो! त्या भरात सगळ्यांनी गाद्या खाली आणल्या, टेबलं खाली आणली, दुकानं मांडली. नदीकडे कुणी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तरी नदी नेहमीसारखीच होती. थोडी गढूळ, एवढंच.

सूनबाईंनीच काडीला आणि दादांना हाक मारली. मोठ्या बाई पहाटेपासून टुमणं लावून बसल्या होत्या. मला माझ्या पलंगावर न्या, इथे पाठ लागत नाही, खाली गिऱ्हाईक येऊन परत जाईल. दोघांनी खुर्ची उचलली आणि बाईंना खाली आणून त्यांच्या पलंगावर ठेवलं. मग ते कुऱ्हाडी घेऊन वरच्या रस्त्यावरची झाडं तोडायला गेले. गल्लीतली बरीचशी माणसं त्यांच्याबरोबर गेली, कारण रस्ता मोकळा झाल्याशिवाय पिण्याच्या पाण्याचा टँकर येणार नव्हता. फोन बंद, वीज बंद. खालच्या टोकाला दुपारी फक्त दोघी उरल्या.

जेवून झाल्यावर सूनबाई दुकान झाडत होत्या. दारापुढच्या गटाराच्या जाळीतून पाणी वर येताना त्यांना दिसलं. गटारात पाणी जाताना त्यांनी रोज पाहिलं होतं. येताना कधी पाहिलं नव्हतं. आवाज नाही, लाट नाही. जाळीभोवती एक तपकिरी वर्तुळ झालं, ते मोठं झालं, आणि त्यावर ऊन चकाकायला लागलं.

"कुठला नळ उघडा ठेवलास गं?" आतून मोठ्या बाईंनी विचारलं.

सूनबाईंनी दारातून बाहेर डोकावून पाहिलं. कालव्याचा काठ कुठे होता ते आता सांगता येत नव्हतं. रस्ता आणि कालवा एकाच रंगाचे झाले होते. तेव्हा भोंग्याच्या गाडीवरचं ते शेवटचं वाक्य त्यांना आठवलं, अगदी शब्दाशब्दाने.

त्यांनी दाराला फळी लावली, फटीत पोती कोंबली, आणि गल्लीच्या वरच्या बाजूला तोंड करून जीव खाऊन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. दुरून कुऱ्हाडींचा आवाज तेवढा येत होता. परत आत आल्या तोवर पाणी फळीखालून शिरून घोट्यापर्यंत चढलं होतं.

"आई, उठा. वर जायचंय."

"कोण नेणार?"

"मी."

मोठ्या बाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू? माझी एक मांडी उचलायची म्हटली तरी तुझ्यासारख्या दोघी लागतील."

तरीही त्यांनी करून पाहिलं. काखेत हात घालून सूनबाईंनी त्यांना जिन्यापर्यंत कसंबसं ओढत नेलं. पहिल्या पायरीवर मोठ्या बाईंनी पाय ठेवला आणि खुब्यातून अशी कळ गेली की त्या किंचाळल्या. दुसरी पायरी झालीच नाही. दोघी पायरीवर बसून राहिल्या. पाणी आता पोटऱ्यांना लागत होतं.

"सूनबाई, तू वर जा," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज एकदम साधा होता, हिशोबी, जसं कुणाचे कपडे आधी धुवायचे ते सांगतात तसा. "मी इथे कठडा धरून बसते. पोरं येतीलच. आणि नाही आली तर माझं झालंय सगळं. तुझं अजून आहे."

"माझं काय आहे अजून?"

"लॉन्ड्री आहे."

सूनबाईंना एकदम रडू आलं आणि तितकाच संतापही आला. "तुम्ही गेल्यावर मी लॉन्ड्री चालवून दाखवू कुणाला? चालेल कोण म्हणणार मला?"

सूनबाईंनी पदराने डोळे पुसले, मान वर केली, आणि त्यांची नजर माळ्याच्या त्या चौकोनी तोंडावर गेली. दोराचं एक टोक खाली आलेलं होतं, आणि त्याला बांधलेला पेटारा पाण्यावर हलके हलके डुलत होता.

पेटाऱ्याची एक बाजू गठ्ठे भरायला खाली पडते. सूनबाईंनी ती पाडली, आत उशी टाकली आणि मोठ्या बाईंना म्हणाल्या, "बसा."

"यात? मी काय मळकं धुणं आहे?"

"आई, बसता का नाही?"

त्या सुरात सूनबाई आजवर बोलल्या नव्हत्या. मोठ्या बाई बसल्या. म्हणजे आधी टेकल्या, मग घसरल्या, मग सूनबाईंनी एकेक पाय उचलून आत घातला, बाजू वर करून कडी लावली, आणि कमरेभोवती साडी गुंडाळून ती वेताला घट्ट बांधली. पेटारा चहूबाजूंनी गच्च भरला होता. वरून फक्त पांढरं डोकं आणि दोन काठ्या दिसत होत्या. काठ्या सोडायला त्या तयार नव्हत्या.

सूनबाई जिना चढून माळ्यावर गेल्या. वरचा पेटारा तोंडाशी लटकत होता, दोर खुंटीला होता. आता यात बाईंच्या वजनापेक्षा जास्त भरायचं, की हा खाली जाईल आणि त्या वर येतील. रोजचं काम उलटं करायचं, बस्स. त्यांनी आधी स्वतःच्या साड्या टाकल्या, दोघींच्या चादरी टाकल्या, पडदे टाकले. मग काडीच्या सलूनचे टॉवेल. खुंटीवरचा एक वेढा सैल करून पाहिला. दोर तसूभरही हलला नाही.

"काय करते आहेस वर?" खालून हाक आली. "पाणी माझ्या मांडीला आलंय!"

"वजन कमी पडतंय!"

"टबात काय आहे मग? दवाखान्याची ब्लँकेटं आहेत ना?"

सूनबाई टबापाशी उभ्या होत्या, हात पुढे होत नव्हता. दवाखान्याचं धुणं. एवढ्या वर्षांत त्यातला एक रुमालही या घरातून डाग लागून गेला नव्हता. आणि खाली सगळी गावची घाण घेऊन आलेलं पाणी.

"आई, ती धुतलेली आहेत हो!"

"अगं परत धू!" मोठ्या बाई ओरडल्या. "मी परत यायची नाही!"

सूनबाईंनी दोन्ही हातांनी निथळती ब्लँकेटं उपसली आणि पेटाऱ्यात कोंबायला लागल्या. मग चादरी, मग उशांचे अभ्रे. पेटारा कुरकुरला, दोर ताणला. त्यांनी खुंटीवरचे वेढे एकेक करून सोडले, दोर तळहातांवरून सरकायला लागला, आणि खालून मोठ्या बाईंचा आवाज आला, "अगं, मी हलले!"

पांढरं डोकं हळूहळू जवळ येत होतं. पेटारा गरगर फिरत होता आणि मोठ्या बाई प्रत्येक फेरीला वेगळ्या भिंतीशी बोलत होत्या. "सावकाश! जिना बघ किती मळलाय. सावकाश गं!" निम्म्याच्या वर आल्या, आणखी आल्या, आणि तोंडापासून दोन हात खाली एकदम थांबल्या.

सूनबाईंनी खाली वाकून पाहिलं. चादरींचा पेटारा पाण्यात बुडाला होता, आणि पाण्यात गेल्यावर त्याचं निम्मं वजनच नाहीसं झालं होतं. त्यांनी दोराला लोंबकळून पाहिलं, खुंटीला पाय लावून ओढून पाहिलं. हात सोलले, पेटारा टीचभर आला आणि परत टीचभर गेला. हात खाली लांबवला तर मोठ्या बाईंच्या केसांना बोटं लागत होती. यापुढे काय करायचं ते त्यांना खरंच कळत नव्हतं.

"थांबलीस का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"जरा श्वास घेते."

"घे. मी कुठे जात नाही."

तेवढ्यात दुकानाच्या बाजूने पाणी कापत कुणीतरी येत असल्याचा आवाज झाला. "सूनबाई! बाई!" काडी होता तो. छातीपर्यंत पाण्यात, केस चिखलाने माखलेले. वरच्या रस्त्यावरून त्याने गल्लीचं खालचं टोक चमकताना पाहिलं होतं. सकाळी बाईंना आपणच खाली उतरवलं. कुऱ्हाड टाकून तो पळत सुटला होता.

आत आल्यावर त्याने पलंगाकडे पाहिलं. पलंग पाण्याखाली.

"वर बघ, मेल्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

काडीने वर पाहिलं. हसावं की रडावं हे त्याला समजेना, म्हणून त्याने दोन्ही केलं.

"दात काय काढतोस? त्या दुसऱ्या दोराला लटक!"

त्याने बुडालेल्या पेटाऱ्यावर पाय ठेवला आणि दोराला मिठी मारली. पेटारा थोडा खाली गेला. मोठ्या बाई वीतभर वर आल्या आणि पुन्हा थांबल्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "तुझ्या बायकोला सांगितलं होतं मी, याला नीट खाऊ घाल."

"जन्मभर मला काडी म्हणालात, आणि आता माझ्याकडून वजन मागताय होय?"

पाठोपाठ ड्रायव्हर दादा आले. त्यांच्या पुढे पाणी असं सरत होतं जसं होडीपुढे सरतं. त्यांनी काही विचारलं नाही. काडीच्या वरून हात घालून त्यांनी दोर पकडला आणि दोन्ही पाय पाण्यातून उचलले.

मोठ्या बाई बाटलीचं बूच उडावं तशा वर आल्या. सूनबाईंनी दोराचे वेढे खुंटीवर मारले, पेटारा आपल्याकडे ओढला, कडी काढली, आणि त्या दोघी, उशी आणि काठ्या, सगळं मिळून माळ्याच्या फळ्यांवर कोसळलं. मग मोठ्या बाईंनी हात पुढे केला. चाचपडत त्यांनी सूनबाईंचा हात शोधला, तळवा उलटा करून उजेडात धरला. दोराने कातडी निघाली होती. त्या बघत राहिल्या. नंतर त्यांनी स्वतःच्या पदराचं कोरडं टोक फाडलं आणि तो हात बांधला. गाठ मारताना त्यांचे ओठ हलत होते, पण काय म्हणाल्या ते सूनबाईंना ऐकू आलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

पाणी त्या दिवशी दुकानाच्या वरच्या फळीपर्यंत चढलं. काडी आणि दादाही वरच राहिले. साबणाच्या पोत्यांना टेकून चौघांनी डब्यातले शिळे पाव वाटून खाल्ले. मोठ्या बाईंनी आपला अर्धा पाव काडीला दिला. म्हणाल्या, "खा. पुढच्या वेळी उपयोगी पडेल." दुसऱ्या दिवशी होडी आली, आणि आणखी काही दिवसांनी पाणी आलं तसंच मुकाट्याने उतरलं. वर राहिलेलं सगळं उरलं, खाली नेलेलं सगळं गेलं. गल्लीत माणूस मात्र एकही गेलं नाही.

चादरींचा पेटारा चिखलात सापडला. सूनबाई त्यातली दोन ब्लँकेटं काखेत मारून दवाखान्यात गेल्या. मोठ्या सिस्टर म्हणजे तिथल्या सगळ्या परिचारिकांच्या वरिष्ठ, फार शिस्तीच्या. त्यांच्यापुढे सूनबाईंनी ती ब्लँकेटं ठेवली आणि काय झालं ते सगळं खाली मान घालून सांगितलं. सिस्टर ऐकत होत्या. शेवटी त्यांनी तोंडावर रुमाल धरला, कारण मोठ्या बाई भिंतींशी बोलत वर जातात तिथे त्यांना हसू आवरेना.

"अहो, आमच्या चादरींवर माणसं वाचावीत म्हणून तर आम्ही त्या धुवायला देतो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नाही, तुमच्याकडे एक वाचलं. बाई कशा आहेत?"

"माळ्यावर आहेत," सूनबाई म्हणाल्या. परत येताना रस्त्यात त्या एका कट्ट्यावर बसल्या आणि पोटभर रडल्या. दुःखाचं नव्हतं ते. आपल्याला किती माणसांनी धरून ठेवलंय हे एकदम कळलं की असं होतं.

लॉन्ड्री उभी राहिली ती गल्लीच्या हातांनी. दादांनी मशीन खोलून चिखल काढला, काडीने फरशी खरवडली. सूनबाईंनी दोघांचे आभार मानायला सुरुवात केली तर काडी वैतागला.

"आभार कसले मानताय? खाली कुणी उतरवलं होतं? आम्हीच ना?"

"बोलावलं कुणी होतं? मीच ना?"

"मग दोघांनीही आता गप्प बसा आणि पाणी टाका," फावडं हातात धरून दादा म्हणाले. बोलणं तिथे संपलं.

वीज येईपर्यंत सूनबाईंनी गल्लीचे कपडे दगडावर हाताने धुतले. कुणाचेही, न विचारता. पुढच्या वर्षांतही दोनदा वादळं आली. वारा ओसरल्यावर निळं आभाळ बघून कुणी नवखा गादी खाली न्यायला लागला तर शेजारी त्याला जिन्यातूनच परत पाठवत, की अजून नदी यायची आहे. नगरपालिकेचा भोंगा आता गल्ली शेवटच्या शब्दापर्यंत ऐकते.

मोठ्या बाईंचं मात्र निराळंच झालं. पाणी उतरल्यावर काडी आणि दादा खुर्ची घेऊन वर गेले, तर त्या उतरायला तयार होईनात. आधी म्हणाल्या ओल आहे. ओल सुकली तेव्हा म्हणाल्या रंगाचा वास येतो. रंग वाळला तेव्हा नुसत्या खिडकीकडे बघत राहिल्या. तिथून नदी दिसत होती. लांबवर, वळणापर्यंत.

"एवढी वर्षं ही इथे होती?" त्यांनी विचारलं.

"होती की, आई."

"मला कुणी सांगितलं नाही."

सूनबाईंनी दादांना खूण केली आणि खुर्ची रिकामीच खाली गेली. पलंग वर आला. त्यानंतर तीन वर्षं मोठ्या बाई माळ्यावरच राहिल्या. हाक आता खिडकीतून येई, आणि पहिल्यापेक्षाही लांब जाई. गल्ल्यावर कोण बसणार याची काळजी त्यांनी सोडून दिली. गिऱ्हाईक खालून ओरडे, त्या वरून भाव सांगत.

संध्याकाळी सूनबाई तारांवरून चादरी उतरवत. दवाखान्याच्या चादरी लांबरुंद असतात. एकदा त्या एकट्याच त्यांच्याशी झटत होत्या, तेव्हा पलंगावरून काठीचा आवाज आला.

"इकडे आण ते टोक. एकटीने कसली घडी होतेय?"

मोठ्या बाईंनी बसल्या जागेवरून दोन कोपरे धरले, सूनबाईंनी मागे सरत चादर ताणली. मग चालत पुढे येऊन कोपऱ्यांना कोपरे जुळवले, आणि मोठ्या बाईंनी ते आपल्या हातात घेतले. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. खिडकीतून वारा येत होता आणि चादरीला एक लाट देत होता. शेवटची घडी मोठ्या बाईंनी मांडीवर ठेवली, तळव्याने सपाट केली, आणि ती बराच वेळ तशीच दाबून धरली.

"चालेल का?" सूनबाईंनी विचारलं.

"दुसरी आण," मोठ्या बाई म्हणाल्या.